दगडावर घडविलेली माती : आयर्लंडचे इनिश मोर बेट

भारतीय राज्यघटनेच्या अभ्यासकाला आयर्लंड हे नाव परके नाही. राज्यधोरणाची मार्गदर्शक तत्त्वे शिकविताना आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेचा उल्लेख आम्ही दरवर्षी वर्गात करतो. मात्र ज्या देशाकडून घटनाकारांनी ही कल्पना घेतली, तेथील सामान्य माणूस कोणत्या भूमीवर आणि कोणत्या परिस्थितीत जगत आला, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. प्रस्तुत लेखात त्या देशाच्या पश्चिम टोकावरील एका खडकाळ बेटाचा परिचय करून देण्याचे योजिले आहे. बेट लहान आहे. परंतु भूगर्भशास्त्र, पुरातत्त्व, शेती, भाषा आणि पर्यटन हे सारे विषय तेथे एकाच दगडाशी जोडलेले आहेत.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवेचा उपसागर आहे. त्याच्या तोंडाशी, अटलांटिक महासागराला आडवी, तीन बेटे एका रांगेत उभी आहेत. त्यांना ॲरन बेटे म्हणतात. त्यांपैकी सर्वांत मोठे ते इनिश मोर. आयरिश भाषेत या नावाचा अर्थच 'मोठे बेट' असा आहे. त्याची लांबी सुमारे १४ किलोमीटर, रुंदी जेमतेम ४ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस किलोमीटर. २०२२ च्या जनगणनेनुसार येथे ८२० माणसे राहतात. १८४१ मध्ये हीच संख्या अडीच हजारांहून अधिक होती.

या बेटावर पाहण्यासारखे काय आहे, असे विचारले तर बहुतेक माहितीपत्रके एका प्राचीन किल्ल्याकडे आणि काही पडक्या चर्चेसकडे बोट दाखवितात. ते योग्यच आहे. परंतु बेटावरील सर्वांत मोठे मानवी बांधकाम म्हणजे तेथील शेतजमीन होय, आणि ते बांधणाऱ्या एकाचेही नाव कोठे कोरलेले नाही. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला हे विशेष महत्त्वाचे वाटते.

समुद्रतळाचा दगड

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारस थंड होऊन तयार झाला. इनिश मोरचा करडा दगड वेगळ्या मार्गाने आला. सुमारे ३३ ते ३४ कोटी वर्षांपूर्वी आजचा आयर्लंड ज्या भूभागावर आहे तो विषुववृत्ताजवळ होता आणि त्यावर उबदार, उथळ समुद्र पसरलेला होता. त्या समुद्रातील प्रवाळ, शिंपले आणि समुद्रकमळांसारखे असंख्य जीव मेल्यावर त्यांची कवचे व सांगाडे तळाशी साचत गेले. लक्षावधी वर्षांच्या दाबाने त्यांचा चुनखडीचा खडक झाला. त्यामुळे बेटावर चालताना पायाखालच्या दगडात त्या प्राण्यांचे जीवाश्म आजही दिसतात. समोरच्या क्लेअर परगण्यातील बरेन हा प्रसिद्ध चुनखडीचा प्रदेश आणि ही तीन बेटे मुळात एकाच खडकाचे भाग आहेत. मधला भाग तेवढा समुद्राखाली गेला आहे.

चुनखडी साचण्याच्या काळात अधूनमधून मातकट गाळाचेही पातळ थर बसले. हे थर चुनखडीपेक्षा मऊ असल्याने लवकर झिजले आणि बेटाला पायऱ्यापायऱ्यांचा आकार आला. बेटावर नदी नाही, कारण पावसाचे पाणी चुनखडीच्या भेगांतून थेट खाली उतरते. खाली जाताना ते या मातकट थरावर अडते आणि पायरीच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणून जुन्या वस्त्या अशा झऱ्यांच्या आसपास वसल्या. पाणी कोठे आहे हे आधी ठरले, मग गाव कोठे असावे हे ठरले, हा नियम आपल्याकडील गावांनाही लागू आहे.

हिमयुगात या प्रदेशावरून बर्फाचे प्रचंड थर सरकत गेले. त्यांनी खडकावरील माती खरवडून नेली आणि दगडाचा पृष्ठभाग घासून फरशीसारखा सपाट केला. जाताना त्यांनी उत्तरेकडील कॉनेमारा प्रदेशातील ग्रॅनाइटचे मोठे गोटे येथे आणून टाकले. करड्या चुनखडीवर एकटेच बसलेले हे परके गोटे पाहिले की बर्फ कोणत्या दिशेने आला, हे सांगता येते.

त्यानंतरचे काम पावसाने केले. पावसाचे पाणी हवेतील कर्बवायू शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि असे पाणी चुनखडीला हळूहळू विरघळविते. खडकातील मूळच्या चिरा त्यामुळे रुंदावत गेल्या. आज बेटाचा मोठा भाग म्हणजे सपाट लाद्या आणि त्यांच्यामधील खोल, अरुंद भेगा अशी नैसर्गिक फरसबंदी आहे. वरवर पाहता तेथे गवताचे पातेही उगवू नये. परंतु भेगांत वारा पोहोचत नाही, ओल टिकते आणि थोडी मातीही साठते. त्यामुळे उबदार प्रदेशातील मेडनहेअर नेचे आणि थंड पर्वतीय प्रदेशातील निळेजर्द जेन्शियन फूल ही दोन्ही येथे आढळतात. परस्परविरोधी हवामानातील वनस्पती एकाच ठिकाणी नांदतात, म्हणून जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ येथे येतात.

बेटाची नैर्ऋत्य बाजू समुद्रात सरळ कोसळते. या कड्यांचा पाया लाटा सतत पोखरतात आणि वरचे दगड तुटून पडतात. वादळात लाटांची ताकद इतकी असते की त्यांनी फेकलेल्या कित्येक टनांच्या शिळांची रास कड्यांच्या माथ्यावर रचलेली दिसते. याच किनाऱ्यावर पोल ना बेश्त नावाचा एक अचंबित करणारा डोह आहे. तो जणू कारागिराने गुण्या लावून कापावा तसा काटकोनी आयत आहे. पण त्यावर माणसाचा हात लागलेला नाही. चुनखडीतील चिरा सरळ रेषेत आणि एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे त्यांच्यामधील दगड चौकोनी तुकड्यांतच निसटतो. बेटावरील लोकांनी त्याला 'सर्पाचे विवर' असे नाव दिले.

किल्ला : दंतकथा आणि पुरावा

सुमारे शंभर मीटर उंचीच्या अशाच एका कड्याच्या काठावर दून एंगस हा दगडी किल्ला आहे. चुन्याचा वा मातीचा गारा न वापरता रचलेल्या त्याच्या भिंती एकीबाहेर एक अशा अर्धवर्तुळात आहेत. काही ठिकाणी त्यांची जाडी चार मीटरपर्यंत भरते. चौथी बाजू म्हणजे कडा आणि समुद्र. तटाबाहेर हजारो टोकदार दगड जमिनीत दाटीने उभे रोवले आहेत, जेणेकरून चाल करून येणाऱ्याला धावता येऊ नये.

आयरिश दंतकथेनुसार फिर बोल्ग नावाचे लोक युद्धात हरले, पश्चिमेकडे हटत हटत या शेवटच्या खडकावर आले आणि त्यांच्या एंगस नावाच्या नायकाने हा किल्ला उभारला. पराभूतांना भूमीच्या अखेरच्या टोकावर जागा मिळते, ही कल्पना मनाला स्पर्श करते. परंतु इतिहासात कथेचे मोल वेगळे आणि पुराव्याचे वेगळे. १९९० च्या दशकात येथे पद्धतशीर उत्खनन झाले. पहिली तटबंदी इ. स. पूर्व ११०० च्या सुमारास, म्हणजे कांस्ययुगाच्या उत्तरार्धात झाली, आणि आज दिसणारा बराचसा कोट पुढे इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास वाढविला गेला, असे त्यातून दिसून आले. म्हणजे हे काम कोणा एका नायकाचे नसून दीड हजारांहून अधिक वर्षांत वेगवेगळ्या पिढ्यांनी केलेले आहे. तेथे घरांचे पाये, कालवे-शिंपल्यांचे ढीग आणि कांस्याच्या वस्तू ओतण्याचे मातीचे साचे मिळाले. चुनखडीच्या या बेटावर तांबेही नाही आणि कथीलही नाही. ज्याअर्थी येथे कांस्य ओतले जात होते, त्याअर्थी तीन हजार वर्षांपूर्वीही हे बेट समुद्रमार्गे दूरच्या प्रदेशांशी व्यवहार करीत होते.

१८५७ मध्ये सर विल्यम वाइल्ड यांच्या नेतृत्वाखाली अनेक विद्वान या किल्ल्यात जमले आणि तेथेच त्यांची मेजवानी झाली. प्रसिद्ध लेखक ऑस्कर वाइल्ड यांचे हे वडील. ससे पकडण्यासाठी या भिंतींचे दगड उपसू नयेत, असे आवाहन त्या प्रसंगी बेटवासीयांना करण्यात आले. आवाहन रास्तच होते. वारसा जपलाच पाहिजे. पण सशासाठी तटाचा दगड उपसणाऱ्या माणसाच्या घरी त्या रात्री काय शिजणार होते, हा प्रश्नही वारशाच्या इतिहासातच मोडतो.

विद्येचे निवासी केंद्र

परंपरेनुसार पाचव्या शतकाच्या अखेरीस संत एंडा यांनी बेटाच्या पूर्व भागातील किलीनी येथे ख्रिस्ती मठ स्थापन केला. आयर्लंडमधील प्रारंभीच्या मठांपैकी तो एक. मठ म्हणजे त्या काळची निवासी शाळाच होती: शिकणाऱ्यांनी तेथेच राहावे, कष्ट करावे, ग्रंथ वाचावेत आणि मग अन्यत्र जाऊन नवी केंद्रे उभारावीत. येथे शिकलेले कियरन यांनी पुढे क्लॉनमॅक्नॉईज येथे मठ उभारला आणि ते आयर्लंडमधील एक प्रमुख विद्याकेंद्र ठरले, असे परंपरा सांगते. 'सात चर्चेस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थळी प्रत्यक्षात दोनच चर्चेसचे अवशेष आहेत. तेथील एका थडग्याच्या दगडावर 'सात रोमन' अशा अर्थाची लॅटिन अक्षरे कोरलेली आहेत. किलीनीच्या टेकडीवरील बेनन यांचे चर्च तर इतके लहान आहे की त्याची लांबी साडेतीन मीटरही भरत नाही.

या विद्याकेंद्राचे पुढे काय झाले? १६५२ च्या सुमारास क्रॉमवेलच्या सैन्याने किलीनीचा आर्किन किल्ला बळकट करण्यासाठी तेथील चर्चेसचे आणि गोल मनोऱ्याचे दगड काढून नेले. ज्या दगडांच्या आडोशाने विद्या शिकविली गेली, तेच दगड छावणीच्या भिंतीत गेले.

माती घडविणारी माणसे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ज्या बेटावरची माती हिमयुगात खरवडली गेली, तेथे शेती झाली कशी?

तेथील माणसांनी माती तयार केली. प्रथम खडकाचे उंचवटे फोडून सपाटी करायची आणि भेगा दगडगोट्यांनी बुजवायच्या. मग किनाऱ्यावरून वाळू आणि समुद्रशैवाल टोपल्यांतून वाहून आणायचे; त्यांचे थर एकावर एक अंथरायचे. भेगांत हात घालून जी थोडी माती निघेल ती त्यावर पसरायची. वर्षानुवर्षे असे केल्यावर बटाट्याचा गादीवाफा तयार होई. बटाट्यामागून राय हे धान्य येई. त्याचा पेंढा घरे शाकारण्यास उपयोगी पडे. शेवटी तेथे गवत धरे आणि गाय उभी राहू शके. टोपल्या पाठीवर वाहणाऱ्यांत स्त्रियाही होत्या.

शेतातून निघालेल्या दगडांचे करायचे काय? त्याच्या भिंती रचल्या गेल्या. कोकणात ज्याला गडगा म्हणतात, तशीच ही कोरडी रचाई. तीन बेटांवर मिळून अशा भिंतींची लांबी दीड हजार किलोमीटरांहून अधिक भरते. त्यांच्या आड अगदी लहान लहान वाफे आहेत. या भिंतींमुळे दगडाची विल्हेवाट लागते, वाऱ्याने माती उडत नाही आणि जनावरांना आडोसा मिळतो. रचनेत मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. वारा त्यांतून गाळून जातो, म्हणून वादळातही भिंत ढासळत नाही. या भिंतींना फाटके नाहीत. जनावर आत न्यायचे असेल तेथे भिंतीचा ठरावीक तुकडा सुट्या दगडांनी भरलेला असतो. तो पाडायचा, गाय आत घ्यायची आणि दगड पुन्हा रचायचे. आयर्लंडमधील या कोरड्या रचाईच्या कौशल्याची नोंद २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली.

बेटावर झाडे नाहीत आणि जळणासाठी पीटही नाही. पीट म्हणजे दलदलीत साचलेल्या वनस्पतींचे वाळवलेले ढेप. आयर्लंडमध्ये तेच सरपण. ते कॉनेमाराहून होड्यांतून येई. तेथील ग्रॅनाइटच्या जमिनीला चुना लागे, म्हणून परतीच्या होड्या चुनखडी घेऊन जात. जेथे तेही परवडत नसे तेथे शेण वाळवून जाळीत. गोवरीवर चूल पेटविणारी माणसे केवळ आपल्याच देशात होती असे नाही.

खंड आणि कुळे

एवढ्या कष्टाने घडविलेली माती घडविणाऱ्याच्या मालकीची नव्हती. बेट जमीनदाराच्या नावे होते. तो दूर राहत असे, आणि बेटवासी त्याची कुळे होती. कुळाने खडकावर जमीन तयार करावी आणि तिचा खंड मात्र दुसऱ्याला द्यावा, असा हा व्यवहार होता. खंडाची रक्कम उभी करण्यासाठी लोक समुद्रशैवाल भट्टीत जाळून त्याची राख विकीत. काच, साबण आणि पुढे आयोडीन बनविण्यासाठी ती लागे. घराघरातले श्रम धुराच्या भट्टीतून जात आणि पैसा खंडात जाई.

१८७९ मध्ये आयर्लंडात लँड लीग ही शेतकऱ्यांची संघटना स्थापन झाली. तिच्या चळवळीतूनच शेजारच्या मेयो परगण्यात १८८० मध्ये कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी सर्व व्यवहार तोडले आणि 'बॉयकॉट' हा शब्द इंग्रजीत रुळला. आपल्या समाजाने बहिष्कार सोसला तो बलवानांनी दुर्बलांवर लादलेला होता. आयरिश कुळांनी तेच शस्त्र उलट दिशेने वापरले, हा फरक विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. या संघर्षाची झळ इनिश मोरलाही लागली. १८८१ मध्ये बेटावरील एका बड्या जमीनधारकाची गुरे रात्री कड्यावरून खाली लोटण्यात आली. मुक्या जनावरांचा बळी घेणारी ही कृती समर्थनीय नाही. परंतु कुळांच्या मनातील संताप कोठवर पोहोचला होता, हे ती सांगते.

बेटाची प्रतिमा आणि बेटाची भाषा

नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग १८९८ पासून काही वर्षे ॲरन बेटांवर येत राहिले. त्यांच्या लेखनामुळे ही बेटे जगाला ठाऊक झाली. १९३४ मध्ये रॉबर्ट फ्लॅहर्टी या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'मॅन ऑफ ॲरन' हा चित्रपट आला. दगडावर माती तयार करण्याचे श्रम त्यात प्रभावीपणे दिसतात. पण त्यातील कुटुंब खरे कुटुंब नव्हते. वेगवेगळ्या घरांतील माणसे निवडून ते जुळविले होते. शार्कची जी शिकार त्यात दाखविली, तीही बेटावर कधीच बंद पडली होती आणि चित्रीकरणासाठी ती लोकांना नव्याने शिकवावी लागली. आणि जमीनदार व खंड यांना तर त्यात स्थानच नव्हते. माणूस विरुद्ध निसर्ग असे चित्र रंगविले की माणूस विरुद्ध व्यवस्था हा भाग नजरेआड होतो. ॲरनच्या प्रसिद्ध लोकरी स्वेटरचीही अशीच गोष्ट. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे व बुडालेल्या कोळ्याची ओळख तीवरून पटे, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ही वीणकला विसाव्या शतकाच्या प्रारंभी बहरली. ती बेटावरील स्त्रियांच्या कौशल्याची आणि मिळकतीची कहाणी आहे, आणि तेवढी पुरेशी गौरवास्पद आहे.

बेटाची स्वतःची भाषा आयरिश. १८३१ पासून आयर्लंडात उघडलेल्या सरकारी प्राथमिक शाळांतून मात्र शिक्षण इंग्रजीत दिले गेले. घरची भाषा वर्गाच्या दाराबाहेर राहिली. तरीही ती येथे टिकली. याच मातीत १८९६ मध्ये कादंबरीकार लियम ओ'फ्लॅहर्टी आणि १९१० मध्ये आयरिश भाषेतील कवी मार्तीन ओ दिरॉन जन्मले. ओ'फ्लॅहर्टी यांच्या 'स्केरेट' या १९३२ च्या कादंबरीचा नायक बेटावरील एक शिक्षक आहे. गावातील धर्मगुरूच्या सत्तेशी त्याचा संघर्ष होतो. लेखकाच्या बालपणी बेटावर प्रत्यक्ष घडलेल्या अशाच एका संघर्षाचा तिला आधार होता. आज हा प्रदेश आयरिश भाषिक प्रदेश म्हणून मान्यताप्राप्त आहे आणि उन्हाळ्यात देशभरातील किशोरवयीन मुले भाषा शिकण्यासाठी येथील कुटुंबांत राहावयास येतात.

आजचे बेट

रोसाव्हील बंदरातून बोटीने सुमारे ४० मिनिटांत इनिश मोरला पोहोचता येते; छोट्या विमानाचीही सोय आहे. किलरोनन हे मुख्य गाव. तेथे उतरल्यावर बहुतेक पाहुणे सायकल भाड्याने घेतात, काही घोडागाडीने फिरतात. किलमर्वीची पांढऱ्या वाळूची चौपाटी पोहण्यासाठी चांगली आहे आणि उत्तर किनाऱ्यावर खडकांवर पहुडलेले सील पाहता येतात. पोल ना बेश्तच्या डोहात कड्यावरून सूर मारण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत. मात्र ते प्रशिक्षित खेळाडूंचे काम आहे. दून एंगसच्या कड्याला कठडा नाही आणि वारा जोराचा असतो, म्हणून तेथे काठापासून दूर राहणेच शहाणपणाचे.

पर्यटनाने बेटावर पैसा आला, तशी काळजीही आली. दरवर्षी येणारे पाहुणे रहिवाशांच्या कित्येक पट असतात, आणि उन्हाळ्यात झऱ्यांचे पाणी अपुरे पडते. दुसरीकडे शेती करणारे हात कमी झाले, तशी कुरणांत काटेरी झुडपे वाढू लागली. गायी चरल्या तरच झुडूप आटोक्यात राहते आणि जेन्शियनसारख्या रानफुलांना ऊन मिळते. हे ओळखून २०१४ ते २०१८ या काळात युरोपीय संघाच्या साहाय्याने 'ॲरनलाइफ' हा प्रकल्प राबविला गेला. त्यात शेतकऱ्यांना झुडपे काढण्यास, पडलेल्या भिंती उभारण्यास आणि पावसाचे पाणी साठविण्याच्या टाक्या बांधण्यास मदत मिळाली. निसर्ग जपायचा तर शेतकऱ्याला हटवून चालत नाही, त्याला तेथे टिकवावे लागते, हे सूत्र त्यामागे आहे.

किल्ला रिकामा राहिला तरी उभा राहतो. कोरड्या रचाईच्या भिंतीचे तसे नाही. तिचा दगड निसटला की त्याच हंगामात कोणीतरी तो परत बसवावा लागतो. म्हणून इनिश मोरच्या वारशाचे भवितव्य तेथे राहणाऱ्या ८२० माणसांच्या हाती आहे: त्यांची मुले तेथे राहतील का, घरात आयरिश बोलतील का, आणि गाय आत घेतल्यावर भिंतीची वाट पुन्हा रचतील का.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज परदेशी गेले आहेत, काही युरोपातही आहेत. त्यांच्यापैकी कोणास इनिश मोरला जाण्याचा योग आला तर किल्ला अवश्य पाहावा, बेनन यांचे चर्चही पाहावे. आणि परतीच्या वाटेवर एखाद्या लहानशा वाफ्यापाशी थांबून, ती माती तेथे कशी आली असेल, याचा क्षणभर विचार करावा.